त्यांना मधे बसू द्या : हाय-एंड ऑडिओच्या जुन्या रसिकांना एक खुलं पत्र

रसिकहो,

सप्रेम नमस्कार.

घरात उत्तम स्पीकर-अँप्लिफायर लावून संगीत ऐकण्याचा छंद असलेले चार ऑडिओप्रेमी जमले की गप्पा हमखास एका जागी येऊन अडतात : आपल्यामागे हे सगळं कोण ऐकणार? मग तेच ते. हल्लीच्या मुलांना आवाजाची चाड नाही, फोनच्या टिचभर स्पीकरवर गाणी ऐकतात, एक गाणं धड शेवटपर्यंत ऐकत नाहीत, इअरबडच्या पलीकडे त्यांची धाव नाही. सगळे माना डोलावतात, कोणीतरी नव्या केबलचा विषय काढतो आणि बैठक पूर्ववत सुरू होते.

मला ही तक्रार पटत नाही. मुलांना गोडी लागायला हरकत काहीच नाही. वाटेत आपणच ठाण मांडून बसलोय, असं माझं मत आहे. आपल्यातलाच एक म्हणून ते जरा रोखठोक लिहितो.

आधी पुराव्याचं बघू. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीताचे प्राध्यापक जोनाथन बर्गर यांचं एक निरीक्षण २००९ मध्ये फार गाजलं. ते दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना तेच संगीत वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये ऐकवत, आणि एमपीथ्रीचा, म्हणजे फाइल लहान करायला थोडा तपशील गाळलेला, आवाज पसंत करणारे वर्षागणिक वाढताना त्यांना दिसले. आपल्या मंडळींनी हे लगेच उचलून धरलं. असं काहीतरी हवंच होतं. पण स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीतले ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २०१२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेला अभ्यास मात्र फारसा कोणाच्या तोंडी नाही. त्यांनी शाळा-कॉलेजातल्या मुलांना १२८ केबीपीएसची एमपीथ्री आणि सीडीच्या दर्जाचा आवाज, कोणता कोणता ते न सांगता, ऐकवला. मुलांचा कौल सीडीकडे गेला. वेगवेगळे स्पीकर असेच ब्लाइंड ऐकवले, तर जो सगळ्यांत अचूक होता त्याला त्यांनी वरचा क्रमांक दिला. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हरमनमध्ये केलेल्या कामातूनही हेच दिसलं होतं : काय वाजतंय ते डोळ्यांना दिसत नसलं की नवख्या आणि मुरलेल्या श्रोत्यांची आवड बरीचशी जुळते. मुरलेला श्रोता जास्त ठामपणे आणि दर वेळी तेच सांगतो, एवढाच फरक.

म्हणजे चांगलं-वाईट कळणारा कान त्यांच्याकडे आहे. त्या कानापर्यंत चांगला आवाज पोचतच नाही, ही अडचण आहे. आणि त्यातला मोठा वाटा एका खुर्चीचा आहे.

कोणती खुर्ची ते सांगायला नको. अ‍ॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्ये स्टीरिओच्या पेटंटचा अर्ज केला तेव्हापासून या तंत्राचा स्वभाव बदललेला नाही. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून साधारण समभुज त्रिकोण जमला, तरच गायिका दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही तिथे, उभी राहते. तुम्ही हात-दीड हात बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज मिलिसेकंदभर आधी पोचतो, मेंदू त्यालाच खरा मानतो, आणि गायिका सरळ त्या खोक्यात जाऊन बसते. साउंडस्टेज (समोर उभा राहणारा रंगमंच), इमेजिंग (त्यावरची प्रत्येक आवाजाची नेमकी जागा), वाद्यांमधलं अंतर, ज्या गोष्टींसाठी आपण आयुष्याची वर्षं घातली, त्या सगळ्या त्या एका जागेवर मिळतात. आपला छंद भौतिकशास्त्राच्या नियमानेच एकट्याचा आहे.

आता आठवून बघा, त्या जागेवर कोण बसतं. आपण. मुलगी येऊन बाजूच्या स्टुलावर टेकते, भाचा भिंतीला पाठ लावून उभा राहतो, नातवंडं दारातून डोकावतात. या सगळ्यांनी लहानपणापासून आपली सिस्टीम ऐकली आहे ती तिरकी, एकाच स्पीकरची, भिंतीजवळच्या बेसने फुगलेली. आपण डोळे मिटून, हात उंचावून विचारतो, ‘ऐकलंस? सारंगी कशी मागे सरकली?’ ती मान हलवते. तिने ऐकलेलं नसतं. तिला ते ऐकू येणं शक्यच नसतं. तिच्या बाजूने बघितलं तर एक मोठा माणूस दोन खोक्यांकडे बघून गहिवरतोय, एवढंच दृश्य. पुढे तिने इअरफोन निवडले यात नवल काय? निदान तिथे दोन्ही कानांना आपापला आवाज तरी मिळतो.

तेव्हा पहिली विनंती ही, की कोणी तरुण माणूस खोलीत आला की उठा. त्याला मधे बसवा, डोकं कुठे असावं ते सांगा, आणि तुम्ही स्टुलावर जा. तुमचं काही बिघडत नाही, ते रेकॉर्डिंग तुम्हाला पाठ आहे.

दुसरी गोष्ट लगेच येते : वाजवायचं काय? याबाबतीत आपण हद्द केली आहे. दहा-बारा ठरलेली डेमो रेकॉर्डिंग, अतिशय स्वच्छ, आणि त्यातली निम्मी अशी की आवाज चांगला म्हणूनच आपण ती ऐकतो. ज्या मुलाला ते संगीत परकं आहे त्याला त्यातला बारकावा कसा कळावा? बारकावा ओळखीच्या गाण्यात कळतो. जे गाणं त्याने फोनवर शेकडो वेळा ऐकलंय, ज्याचा शब्दन् शब्द त्याला येतो, तेच लावा. त्यालाच निवडू द्या, आणि निवड ऐकून भुवया वर नेऊ नका.

तिथे जे घडतं ते आपल्या कुठल्याही भाषणाने घडणार नाही. बेस गिटारची सगळ्यांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांवर, वाजते. आजच्या हिपहॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात तर बेस त्याच्याही खाली उतरतो. फोनच्या स्पीकरला हे सूर काढताच येत नाहीत. त्याची ताकद काहीशे हर्ट्झच्या वर सुरू होते. तरी फोनवरच्या गाण्यात बेस असल्यासारखा वाटतो, कारण मूळ सूर गैरहजर असला तरी त्याच्या वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे त्याच्या पटीतल्या उपसुरांवरून, मेंदू त्याचा अंदाज बांधतो. म्हणजे त्या मुलाने आजवर आपल्या आवडत्या गाण्याचा तळ नुसता अंदाजाने ऐकलेला असतो. तो तळ प्रत्यक्ष हवेत उभा राहिला, छातीला जाणवला, की तो तुमच्याकडे वळून बघतो. त्या क्षणी कृपा करून गप्प बसा. अँप्लिफायरचं नाव, वर्ष, क्लास ए की एबी, काही सांगू नका. पोहायला आलेल्या पोराला पाण्यात उतरवायचं सोडून काठावर पाण्याचं रासायनिक सूत्र सांगत बसण्याची खोड आपल्याला आहे.

हेही खरं, की काही नवी गाणी चांगल्या सिस्टीमवर वाईट वाजतील. ‘लाउडनेस वॉर’मध्ये, म्हणजे आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजावं या चढाओढीत, मास्टरिंग (रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात) करताना लहान-मोठ्या आवाजातला फरक दाबून सगळंच वरच्या पातळीला आणून ठेवलेली असंख्य रेकॉर्डिंग आहेत. पण त्यावरून त्या संगीताला नावं ठेवायचं कारण नाही. एकाच गाण्याच्या दोन मास्टरिंग मिळाल्या तर दोन्ही सारख्या पातळीवर लावा आणि ड्रमचा पहिला ठोका कुठे जिवंत वाटतो ते त्यालाच शोधू द्या. आपल्या लाडक्या कलाकाराची चिरडलेली आवृत्ती एकदा कानाने ओळखली, की डायनॅमिक रेंज म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

मग येतं ते ‘हात लावू नकोस’. आपल्या घरातलं मूल सिस्टीमबद्दल पहिलं वाक्य ऐकतं ते हे, आणि पुढची पंधरा वर्षं ऐकत राहतं. वास्तविक या छंदाचा पाया हात लावण्यावरच उभा आहे. १९५९ मध्ये डायनाकोचा स्टीरिओ ७० हा वाल्वचा अँप्लिफायर किटच्या रूपात आला, आणि किती तरी जणांनी तो घरच्या टेबलावर स्वतः सोल्डर करून उभा केला. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ मध्ये बाजारात आला तो घरात ऐकायचं यंत्र म्हणून. तरुण डीजेंनी त्याची ताकदवान डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय थेट फिरवणारी) मोटर हेरली, फिरत्या तबकडीला हात घातला, ती मागे-पुढे केली, आणि त्यातून संगीताची एक अख्खी नवी भाषा तयार झाली. आपल्या नियमाने चालले असते तर हे घडलंच नसतं.

तेव्हा हात लावू द्या. घरात मुलं असतील तर टर्नटेबलला मूव्हिंग मॅग्नेट जातीचं कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बसवा, त्याचा स्टायलस, म्हणजे सुई, बहुधा ओढून काढता येतो आणि नवा घालता येतो. नाजूक मूव्हिंग कॉइल जातीचं कार्ट्रिज कपाटात राहू दे. स्टायलस मोडेल. मोडू दे, ती तशीही झिजणारीच वस्तू आहे. ट्रॅकिंग फोर्स (सुईचा तबकडीवरचा दाब) कसा बघायचा, तबकडी कडेने कशी धरायची, ब्रश कुठून कुठे फिरवायचा, हे एकदा करून दाखवा आणि खोलीतून बाहेर जा. बाहेर जाणं महत्त्वाचं. पाठीमागे श्वास रोखून उभा राहिलेला मालक असला की कोणालाच काही आवडत नाही.

आता जरा टोचणारं. आपण ज्या तरुणांना बहिरं समजतो त्यांतले बरेच जण या छंदात केव्हाच शिरलेले आहेत, फक्त आपल्या दारातून आलेले नाहीत. ते हेडफोन आणि आयईएमच्या (कानात बसणाऱ्या दर्जेदार इअरफोनच्या) वाटेने आले. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचे (कुठला सूर किती मोठा येतो त्याचे) आलेख ते सहज वाचतात, टार्गेट कर्व्हवर (तो आलेख कसा असावा यावर) वाद घालतात, पॅरामेट्रिक इक्वलायझर लावून तो स्वतः सुधारतात. यांच्यासमोर आपण जेव्हा म्हणतो, ‘ही पॉवर केबल लावल्यावर पडदा उठल्यासारखा वाटतो,’ तेव्हा ते शांतपणे विचारतात, ‘ब्लाइंड टेस्ट केली?’ आणि आपल्याला राग येतो.

राग येऊ नये. इतका चांगला प्रश्न या छंदात वर्षानुवर्षं कोणी विचारला नव्हता. २००७ मध्ये मायर आणि मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशिलाचा, आवाज मधेच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे १९८२च्या सीडीच्या, साच्यातून काढला, तर नेहमीच्या पातळीवर ऐकताना श्रोत्यांना फरक सांगता आला नाही. त्यावर पुढे उलटसुलट चर्चा झाली, होऊ दे. पण तरुणांना अशा गोष्टी ठाऊक असतात. त्यांना ‘तुझा कान अजून तयार नाही’ असं सांगितलं की ते ओळखतात, उत्तर नाहीये. त्यापेक्षा म्हणा, ‘चल, करून बघू. तू केबल बदल, मी पाठ करून बसतो.’ मी हरलो तर हरलो. संध्याकाळ मजेत जाईल, आणि जो प्रयोग आपण दोघांनी मिळून केला तो त्याच्या लक्षात राहील.

आणि कानांचंच म्हणाल, तर तयार कान आपला असेल, शाबूत कान त्यांचा आहे. माणसाचा कान २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकतो हे पुस्तकात असतं. साठीनंतर आपल्यातल्या बहुतेकांचं वरचं टोक १२ किलोहर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली आलेलं असतं, आणि सोळा वर्षांच्या मुलीला १६-१७ किलोहर्ट्झ सहज ऐकू येतात. ती म्हणाली, ‘हा ट्वीटर कानाला लागतो,’ म्हणजे उंच सूर काढणारा छोटा स्पीकर टोचतो, तर वाद घालू नका. तिला जे ऐकू येतंय ते तुम्हाला येत नाही. घरात मोजमापाचं इतकं उत्तम उपकरण असताना आपण ते स्टुलावर बसवून ठेवतो.

महागड्या वस्तूंचा धाक हाही एक अडसर. ‘हाय-एंड’ म्हटलं की नव्या माणसाला आधी किंमत दिसते. म्हणून मी सुरुवात खोलीपासून करतो, कारण खोलीला पैसे पडत नाहीत. हा खेळ एकदा करून बघा. खोलीची लांबी ५ मीटर असेल, तर आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्या लांबीचा पहिला रूम मोड, म्हणजे भिंतींमध्ये आपटून जो सूर खोलीत जागच्या जागी घुमत राहतो तो, सुमारे ३४ हर्ट्झला येतो, दुसरा ६९च्या आसपास. फोनवरच्या टोन जनरेटरने ६९ हर्ट्झचा एकच सूर स्पीकरवर सोडा, मध्यम आवाजात, आणि मुलांना खोलीभर फिरायला सांगा. भिंतीशी तो घुमतो. भिंतीपासून सव्वा मीटरवर बराचसा गायब होतो. खोलीच्या मध्यावर पुन्हा उसळतो. मुलं हसत सुटतात, पुढे-मागे करतात, खाली वाकून बघतात, एकमेकांना ‘इथे ये, इथे काहीच नाही’ म्हणून बोलावतात. अदृश्य आवाजाला आकार आहे हे त्यांना पायांनी कळतं. त्यानंतर स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला की डग्गा का स्पष्ट वाजतो, हे आपण सांगायच्या आधीच ती सांगतात. माझ्या मते केबलवर झालेल्या सगळ्या चर्चांपेक्षा हा अर्धा तास मोलाचा आहे.

स्ट्रीमिंगला शिव्या देणंही आता पुरे. अ‍ॅपल आणि अ‍ॅमेझॉन यांनी २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला, आवाज द्यायला सुरुवात केली, स्पॉटिफायही २०२५ मध्ये त्यात आलं. एकेकाळी चांगला स्रोत मिळवणं हीच अर्धी लढाई होती. आज तो त्यांच्या खिशात आहे. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर, स्पीकर आणि खोलीपाशी, आणि तिथे आपल्याकडे खरंच काही देण्यासारखं आहे. तबकड्या तर उलट परत आल्या आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइलच्या प्रतींची विक्री १९८७ नंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेली. हल्ली तरुण मुलं तबकड्या घेताना दिसतात, आणि आपण त्यांना हसतो, की भिंतीवर लावायला घेतात म्हणून. घेऊ देत की! भिंतीवरची तबकडी कधीतरी खाली उतरते. कवराची भुरळ पडून किती तबकड्या घेतल्या, हे आपण आपल्याशी तरी कबूल करू या.

आवाजाची गोडी लावताना कान जपायला मात्र आपण शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ऐकायचं तर सरासरी पातळी ८० डेसिबलच्या आत हवी. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. चांगल्या सिस्टीमचा धोका असा की विकृती कमी असल्याने आवाज वाढलेला कळतच नाही. ‘फाटत नाही’ म्हणजे ‘मोठा नाही’ असं आपण धरून चालतो. फोनवरचं डेसिबल मीटर ढोबळ असतं, तरी लावून ठेवा, आणि व्हॉल्यूम कमी करायचा हक्क खोलीतल्या सगळ्यांत लहान माणसाला द्या.

एक विनोदही आता निवृत्त करू या. ‘वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर’. स्पीकर केवढा असावा हे बायको ठरवते, म्हणजे ऐकणारा पुरुष आणि अडवणारी बाई, हे गृहीत धरून केलेला. आपल्या मुली आणि नाती तो ऐकत मोठ्या होतात. ज्या खोलीत स्वतःची गणना अडथळ्यात होते तिथे कोण बसेल? सुरेल कान घरात बहुतेकदा कोणाचा असतो ते आपल्याला माहीत आहे.

क्लब चालवणाऱ्यांना आणि डीलर मंडळींना वेगळं सांगायचं आहे. एडगर व्हिल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक ऐकण्याची खोली उघडली होती. येणारा-जाणारा कोणीही आत यावं, बसावं, ऐकावं. तिथे विक्री होतच नसे. जपानमधल्या ‘जॅझ किस्सां’मध्येही, म्हणजे जॅझ ऐकायच्या कॅफेंमध्ये, उत्तम सिस्टीम ही सगळ्यांची असते. स्वतःच्या घरात ती कधीच येणार नाही असा माणूसही तिच्यासमोर तासभर बसतो. याउलट आपल्या शोरूममध्ये विशीतला मुलगा शिरला की त्याचे बूट बघून त्याला कोणती खोली दाखवायची ते ठरतं. महिन्यातला एक दिवस विक्री बंद ठेवा, आपलं गाणं घेऊन या म्हणावं. आमच्यासारखे नेहमीचे त्या दिवशी आले तर खुशाल बाहेर काढा.

आणि शेवटी वारशाचं. त्यावर बोलायला कोणाला आवडत नाही, म्हणून मीच काढतो. आपण गेल्यावर घरच्यांपुढे काय उरतं? वजनदार खोक्यांचा ढीग, ज्यातलं काय कशाला जोडलंय ते कोणालाच ठाऊक नाही. दरम्यान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत असतात, वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम वीसेक वर्षांत भुगा होतो, टर्नटेबलचा बेल्ट सैलावतो. फोम बदलता येतो, कपॅसिटर बदलता येतात, पण हे घरच्यांना माहीत नसेल तर त्यांच्या दृष्टीने ती वस्तू खराब झाली. प्रत्येक यंत्रामागे एक कागद लिहून चिकटवा : हे काय आहे, किती व्होल्टवर चालतं, कोणते वाल्व, कुठला भाग झिजतो, शेवटचं काम कधी केलं, उचलण्याआधी कोणता स्क्रू आवळायचा. त्याहून चांगलं म्हणजे एखादी गोष्ट हयातीतच देऊन टाका. कोपऱ्यात पडलेला दुसरा अँप्लिफायर, जुने बुकशेल्फ स्पीकर, जे वर्षभर लावले नाहीत ते. देताना अटी घालू नका. तो त्यावर गेम खेळेल, पार्टीत नेईल, मधे डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीने बदलणारं यंत्र) घालून आपल्याला न पटणारा आवाज करेल, कदाचित विकून त्या पैशांत अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घेईल ज्यांना वेगळा अँप्लिफायर लागतच नाही. चालेल. विकायची मुभाही त्या कागदावरच लिहून ठेवा, तुमच्या सहीने. नाहीतर बिचारे वर्षानुवर्षं ते ओझं धूळ पुसत सांभाळत बसतील आणि एकदाही लावणार नाहीत.

आपला,
एक जुना श्रोता